आधी ऊब, मग उतार

लोणावळा,
६ जुलै २०२५

चि. अनघास,
जयभीम आणि तुझ्या आत्याचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर आपण दोघी आधी रडतो, मग तू ठेवते गं म्हणतेस आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून आज कागद घेतला. कागदाला रडू ऐकू येत नाही, एवढं त्याचं बरं आहे.

इथे पाऊस लागलाय तो लागलाच. बरणीतलं मीठ पाझरलंय. काडी ओढली की पेटायच्या आधी तिचं गुल झडतं. दवाखान्यातल्या चादरी वाळत नाहीत, म्हणून आम्ही नर्सनी पंख्याखाली दोऱ्या बांधल्यात आणि मोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्याखालून वाकून जातात. सगळ्यांना नमस्कार करत चालल्यासारखे दिसतात. एरवी करत नाहीत.

परवा औंढ्याला जाऊन आले. वहिनी भाताच्या लावणीला गेली होती. गुडघ्यांसाठी मी दिलेल्या गोळ्या तशाच फळीवर आहेत. चिखलात उभं राहिलं की डोकं रिकामं होतं, म्हणाली तुझी आई. भाऊ ओट्यावर बसून होता. जीप ताडपत्रीखाली. सुरजचं विमान पडल्याचा फोन आला त्या दिवसापासून तुझ्या आबाने फोनला हात लावला नाही आणि स्टिअरिंगलाही नाही, हे तुला ठाऊक आहेच. पण आता नवीनच चाललंय. सप्टेंबरात सुरजचं वर्षाचं पुण्यानुमोदन आहे, त्याला मी बसणार नाही म्हणतो.

खोदून कारण विचारलं. मग म्हणाला, इंजिन कशानं बंद पडलं ते मला कळल्याशिवाय मी चार लोकांत बसायचा न्हाई. चौकशीवाल्यांनी सांगितलं होतं की टाकीत पेट्रोल होतं, इंजिनात काही तुटलेलं नव्हतं, बहुधा बर्फ धरला असावा. भाऊला तेव्हापासून वाटतंय की खेड्यातला माणूस बघून काहीतरी सांगून वाटेला लावलं. भादव्यात कुटला बर्फ, म्हणतो. आणि तुला माहीत आहे, घाटातल्या सगळ्या ड्रायव्हरांना तो आयुष्यभर काय ऐकवत आला ते. गाडी चुकत न्हाई, डायवर चुकतो. आता ते वाक्य उलटून त्याच्याच छातीवर बसलंय. गाडीत दोष नाही म्हणजे पोरगा चुकला. जीव गेला तो गेला, वर पोरगा चुकला.

अनू, तू शिकवतेस ना हेच दुसऱ्यांच्या मुलांना? तर मग मला समजेल असं लिही. मी त्याला वाचून दाखवीन. वहिनीलाही कळलं पाहिजे. विमानातली भाषा नको, आपल्या चुलीपाशी बसून बोलतेस तशी लिही. (चुलीपाशी बसतेस फक्त, भाकरी अजून चौकोनीच येते तुझी.)

जेवत जा. आमची माया तिथवर पोचत असेलच, तिला दार उघडं ठेव.
तुझी,
अनिताआत्या

*

विमान प्रशिक्षण केंद्र, वसतिगृह,
१५ जुलै २०२५

ती. अनिताआत्यास,
अनघाचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र हँगरच्या पायरीवर बसून वाचलं. माझे विद्यार्थी दुरून बघत होते. मॅडमला कुणीतरी पत्र लिहितं, ह्याचंच त्यांना नवल. लग्नाचं जमलं वाटतं, अशी कुजबुज आहे. असू दे.

आबांसाठी लिहिते, हळू वाच.

तू इंजेक्शन देण्याआधी दंडाला स्पिरिट लावतेस. बाटलीतलं स्पिरिट थंड नसतं, खोलीइतकंच कोमट असतं. तरी दंड गार पडतो, कारण उडून जाताना ते अंगातली ऊब घेऊन जातं. कार्बोरेटर काय असतो हे आबांना मी सांगायला नको. जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर अंगणात वर्तमानपत्रावर सोडवून त्यांनी मला आणि सुरजला एकेक स्क्रू सांभाळायला दिला होता, आणि सुरजने त्याचा तोंडात धरला म्हणून आईच्या हातचा मार तिघांनी खाल्ला होता. आमची शिकवायची छोटी विमानं जुन्या घडणीची असतात, त्यांना अजून तोच कार्बोरेटर. त्याच्या अरुंद गळ्यात पेट्रोल असंच उडतं आणि आजूबाजूची ऊब घेऊन जातं. बाहेर आपल्याला घाम येत असला तरी त्या गळ्यात पाणी गोठेल इतकी थंडी पडते. त्यात हवा ओलसर असली, तुमचं मीठ पाझरवते तशी, की ती ओल आतून बर्फ होऊन धरते. कडक थंडीच्या कोरड्या हवेत उलट ही भीती कमी. म्हणजे भादव्यात बर्फ हे त्यांनी थट्टेने सांगितलं नव्हतं, आबा. भादव्यातच जास्त.

गळा आवळत जातो तसं इंजिन गुदमरतं. त्यावर उपाय म्हणून समोर एक मूठ असते. ती पूर्ण ओढली की धुराच्या तापलेल्या नळीभोवतीची गरम हवा कार्बोरेटरात शिरते. पण ती वेळेवर ओढावी लागते, रेस कमी करायच्या आधी. कारण ती ऊब इंजिनाचीच असते. इंजिन निवलं की द्यायला त्याच्यापाशी काही उरत नाही. लांब उतरायचं असेल तर मूठ ओढलेलीच ठेवून मधूनमधून थोडी रेस द्यायची, म्हणजे ते तापतं राहतं. आणि एक फसवं असतं. बर्फ धरल्यावर मूठ ओढली की वितळलेलं पाणी आत जातं आणि इंजिन आधीपेक्षा जास्त खोकतं. नव्या मुलाला वाटतं आपण बिघडवलं, तो मूठ परत ढकलतो. ढकलायची नसते. खोकू द्यायचं असतं.

त्या दिवशी पाऊस नुकता उघडला होता, खाली नदी होती, हवेत ओल भरलेली. सुरज एकटा होता आणि बऱ्याच उंचीवरून, रेस पूर्ण सोडून, धावपट्टीकडे लांब उतरत येत होता. त्या उतारात गळा भरला. पुन्हा रेस द्यायला गेला तेव्हा इंजिनाने साथ दिली नाही. मूठ ओढलेल्या अवस्थेत सापडली, म्हणजे त्याला कळलं होतं, पण उशिरा. मग त्याने उसाचं रान धरलं. ऊस वरून मऊ दिसतो, बांध दिसत नाही. लोक पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होऊन उडूनही गेलं होतं. म्हणून कागदावर बहुधा असं लिहितात. दाखवायला काही उरत नाही.

ह्यात अनुभवी माणसंही फसलीत. त्याने हयगय केली नाही, पेट्रोल विसरला नाही, खेळ करत नव्हता. आबांना म्हणावं, बसा त्याच्या फोटोसमोर, मान वर करून बसा.

आईला म्हणावं, भाकरी आता त्रिकोणी येते, प्रगती आहे.
तुमच्या पंखाखालची,
अनघा

*

लोणावळा,
२६ जुलै २०२५

चि. अनघास,
जयभीम आणि आशीर्वाद.

कसं लिहू? तुझं पत्र इतकं छान होतं की मी वाटेत बसमध्येच दोनदा वाचलं, आणि मनात म्हटलं, आज भाऊ जेवेल. आता वाटतं, ते पत्र वाटेत हरवलं असतं तर बरं झालं असतं. तुझा दोष नाही. आधी हे वाच, मग पुढचं.

मी ओट्यावर बसून वाचलं. भाऊ खाली बघत ऐकत होता. स्पिरिटचं ऐकून त्याने मान हलवली, कार्बोरेटर आला तेव्हा किंचित हसलाही. वहिनीने विचारलं, मंजी बर्फ खराच व्हता व्हय, आणि भाऊ तिला म्हणाला, व्हय खराच. मला वाटलं, झालं, सुटला. मग रेस पूर्ण सोडून लांब उतरत आला ते वाक्य आलं आणि त्याने मला थांबवलं. परत वाच म्हणाला. मी वाचलं. मग त्याने विचारलं, पाय उचलून आला का गं त्यो? मी म्हटलं, विमानात हातानं असतं ते. तो म्हणाला, हातानं असू दे न्हाईतर पायानं, उचलून आला ना?

मग उठून जीपकडे गेला आणि ताडपत्रीवर हात ठेवून उभा राहिला, पावसात.

तुला सांगायला नको. तुम्ही दोघं त्याच जीपवर शिकलात. ज्या गियरात चढायचं त्याच गियरात उतरायचं, आणि उतारावर पाय उचलायचा. घाटात ते अगदी बरोबर आहे, त्याच्या हातून आजवर एकाला खरचटलं नाही. पण आता तो म्हणतो, पोराला उतारावर पाय उचलाय म्या शिकवलं. त्यो वर जाऊन बी माझ्याच घाटात उतरत हुता.

दुसऱ्या दिवशी नथूला निरोप धाडला, जीप भंगारात घेऊन जा. नथू बिचारा आपली टोपी हातात घेऊन आला, ड्रायव्हर लोकांत त्याच्याएवढं भाऊला मानणारं कुणी नाही. वहिनी शेतातून तशीच आली आणि चिखलाच्या पायांनी जीपमध्ये जाऊन बसली. म्हणाली, न्यायची तर मला धरून न्या, माझं बी वजन हुईल, तेवढंच जास्तीचं लोखंड. नथू चहा पिऊन परत गेला. वहिनी मात्र संध्याकाळपर्यंत उतरली नाही.

आता भाऊ म्हणतो, बापाच्या शिकवणीनं गेलेल्या पोराच्या फोटोम्होरं बाप कुटल्या तोंडानं बसंल? आधी पोरगा चुकला म्हणून बसत नव्हता, आता बाप चुकला म्हणून बसत नाही.

अनू, तू एक कर. त्याला वेगळं पत्र लिही. लिही की आत्याला मी चुकीचं सांगितलं, रेस सोडलेली नव्हती, शिकवणीचा काही संबंध नाही. खोटं लिही. मी नर्स आहे, सुई टोचताना रोज म्हणते, दुखणार नाही. कुणी मला खोटारडी म्हणत नाही. एवढं एक तू म्हण.

वाट बघते, आणि तुझ्यावरचा जीव तसाच आहे, हे वेगळं लिहायला नको.
आत्या

*

प्रशिक्षण केंद्र, वसतिगृह,
९ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबांस,
अनघाचा सविनय जयभीम.

आत्याने मला एक खोटं लिहायला सांगितलं होतं. मी लिहून बघितलं. चांगलं लिहिलं होतं, तुम्हाला पटलं असतं. पण तुम्ही इंजिनाचा आवाज ऐकून सांगता कुठला बोल्ट ढिला आहे ते. आज नाही तर उद्या तुम्हाला माझ्या पत्रातला ढिला बोल्ट ऐकू आला असता. मग तुम्हाला बोलायला मीही उरले नसते. आत्यावर रागावू नका.

आबा, उतारावर उचलायचं हे तुम्ही शिकवलं आणि ते त्याच्या हातात होतं. ते खरं आहे. माझ्याही हातात होतं. मी शिकत असताना पहिल्यांदा उंचावरून उतरायची वेळ आली, तेव्हा मी रेस अशी अलगद सोडली की शेजारी बसलेले सर म्हणाले, कुणी शिकवलं तुला एवढं मऊ सोडायला? मी अभिमानाने सांगितलं, माझ्या आबांनी, खंडाळ्याच्या घाटात. त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली. आबांना नमस्कार सांग, म्हणाले, आणि त्यांना खाली जमिनीवर सोडून ये. त्यानंतर प्रत्येक वेळी ते माझ्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचे, आधी ऊब, मग उतार. अजून मी पुटपुटते. सुरजलाही हे शिकवलेलं असणारच. त्यालाही पाठ असणार. पण जे पहिलं शिकतो ते सगळ्यांत खाली बसतं, आणि एकटं असताना, थकलेलं असताना, कधीतरी तेच वर येतं. ज्या हातांना काहीच शिकवलेलं नसतं ते हात चांगले असं म्हणाल, तर तसे हात माझ्याकडे आजवर एकाही मुलाचे आले नाहीत. ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा येतो तो सगळं हिसक्याने ओढतो. एक मुलगी नावाड्याची आहे, नावेचा दांडा उलटा ढकलावा लागतो म्हणून ती सगळं उलट्या बाजूला वळवायला जाते. सगळे आपापल्या बापाला घेऊन वर येतात. हे आम्ही शिकवणाऱ्यांनी ओळखायचं असतं, बापाने नाही.

मी तुम्हाला तुमचा दोष नाही असं सांगायला हे लिहीत नाही. तुम्ही ते माझ्याकडून घेणार नाही, मला माहीत आहे. मला तुमच्याकडून एक पाहिजे आहे, म्हणून लिहिते.

सापडलेलं यंत्र बघून मूठ कुठे होती ते कळतं, रेस कुठे होती ते कळतं. त्या लांब उतारावर माझ्या भावाच्या मनात काय चाललं होतं ते कळत नाही. ते मला वर्षभर खातंय. मी झोपायला डोळे मिटले की तो घाबरलेला दिसतो. वरपासून खालपर्यंत घाबरलेला. माझ्याजवळ त्याचं दुसरं काही नाही. तुम्ही त्याला पहिल्यांदा उतारावर घेऊन गेलात तेव्हा मी वसतिगृहात होते, मी ते पाहिलेलं नाही. त्याला नेमकं काय सांगितलंत, तो काय म्हणाला, ते जसं झालं तसं मला लिहा. तुम्हीच लिहा, आत्याच्या हातून नको. ते फक्त तुमच्याकडे आहे.

आईचे गुडघे बघा. गोळ्या फळीवर आहेत.
तुमच्या पायांशी असलेली,
अनघा

*

मु. औंढे,
२४ ऑगस्ट २०२५

चि. अनघास,
बापाचा जयभीम.

तुझं पत्र पोचलं. अनिता म्हणली वाचून दाखवते, मी म्हणलं नको, माझं मी वाचतो. चष्मा घावना म्हणून तुझ्या आयचा लावला. तिचा नंबर येगळा, अक्षरं माशावानी पळत हुती. लिवाय बी लय दिवस लागले, हात वळना. चुकलं तर वाचून घे.

तू इचारलं त्ये सांगतो. तुझा भाऊ तवा धावीला हुता. खोपोलीस्नं भाडं आणायचं हुतं, जीप रिकामी. अमृतांजन पुलाच्या खाली त्याला म्हणलं, बस हितं. त्याचं पाय थरथरत हुतं. मी म्हणलं, ज्या गियरात चढतो त्याच गियरात उतरायचं. पाय उचल. गाडीला उगा तरास द्यायचा न्हाई, तिला तिच्या चालीनं येऊ दे. इंजिन गप ऱ्हायलं म्हंजी समज गाडी खूश हाय. वरडाय लागलं तर समज आपुन चुकलो. त्यो थोडा उतार उतरला आन् म्हणला, आबा, आई बी गप असती तवा खूश असती का? मी म्हणलं, न्हाई रं बाबा, तिचं उलटं. दोघं बी लय हसलो. मग त्याचं पाय थरथरायचं थांबलं. खाली येस्तवर त्यो शीळ वाजवीत हुता. असं झालतं. ह्यात मी कायबी घातलं न्हाई आन् काढलं न्हाई.

त्ये लिवताना मला एक उमगलं. आदी वाटलं तुला सांगू नये. पर तू खोटं लिवलं न्हाईस तर मी बी लपवत न्हाई. त्या दिवशी वरनं येताना इंजिनाचा गळा आवळत गेला, इंजिन गप गप होत गेलं. तवा त्याला वाटलं असंल, गाडी खूश हाय. मीच सांगितलेलं ना. म्हंजी त्यो भ्याला नसंल, अनू. मूठ वढली तवा भ्याला असंल, पर त्ये लय शेवटाला. तवर आबा सांगतो तसं समदं बरोबर चाललंय, अशा समाधानात आला असंल. शीळ बी वाजवली असंल. तुझ्या यंत्रातून ह्ये दिसायचं न्हाई, मी सांगतो. ह्ये मला सोसवत न्हाई, आन् ह्याच्याच जिवावर मी कालपासून दोन घास खातोय. दोन्ही खरं हाय. तू बी डोळं मिटशील तवा त्यो शीळ वाजवताना बघ.

कारेक्रमाला मी बसतो. मान वर करून बसंन का त्ये सांगत न्हाई, पर बसतो. तू ये. तुझ्या पोरांना सुट्टी दे, न्हाईतर त्यांना बी आण, खिरीला दूध हाय आपल्याकडं. आन् तुझ्या सरांना माझा जयभीम सांग, त्यांनी चापटी मारली त्ये बरं केलं.

काल जीप काढली. बॅटरी पार उतरलती, नथूनं येऊन धक्का दिला. म्हणला, कुटं जायचं भाऊ, मी म्हणलं कुटं न्हाई, खोपोलीपातूर. तुझी आय इचारल्याबिगर शेजारी येऊन बसली. घाटात धुकं हुतं, दिवं लावून उतरत हुतो. पाय उचलला आन् जीप गप झाली. मग मी वळणाला जराशी रेस दिली. परत गप, परत दिली. डिझेलच्या गाडीला कारबोरेटर नसतो, ह्याचा कायबी उपेग न्हाई, मला कळतं. तरी देत ऱ्हायलो. मागचं गाडीवालं हारन मारत हुतं, म्हाताऱ्याला चालवता येईना म्हणत असतील. तुझी आय म्हणली, अवो, उतारावर रेस कशापायी देताय? मी म्हणलं, असंच. म्होरलं वळण आलं, माझं ध्यान धुक्यात हुतं, आन् तीच म्हणली, द्या.

मग खाली येस्तवर परतेक वळणाला तीच म्हणत हुती, द्या आता.

तुझा बाप,
केरबा